जिंकणाऱ्यांचेही हरलेले दिवस

चि. रेवतीस,
अनेक आशीर्वाद.

महिन्यातले जवळजवळ निम्मे दिवस तोट्यात जात असतील, तर आपण पोकर बरं खेळतो असं म्हणायचं तरी कशाच्या जोरावर, असं तू विचारलं आहेस. याचं उत्तर धीर देऊन मिळणार नाही. हिशोबच मांडायला हवा, म्हणून मांडते.

ऑनलाइन नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात, कॅश टेबलावर (स्पर्धा नव्हे, थेट पैशांचा खेळ) दर शंभर डावांमागे ५ बिग ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीची सक्तीची मोठी पैज; नफा-तोटा याच मापात मोजतात) कमावणारा खेळाडू चांगला समजतात. पण त्याच शंभर डावांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या वर-खाली होण्याचं माप, १०० बिग ब्लाइंडच्या आसपास असतं, म्हणजे कमाईच्या वीसपट. तू दिवसाला ५०० डाव खेळतेस असं धरू. कमाई डावांच्या प्रमाणात वाढते, तर विचलन डावांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून ५०० डावांची सरासरी कमाई २५ आणि विचलन सुमारे २२४. यातून निघणारं उत्तर असं की हा चांगला खेळाडू शंभरातले ४५ दिवस हरून उठतो. दहा हजार डावांनंतरही तो तोट्यात असण्याची शक्यता ३१ टक्के, चाळीस हजारांनंतर १६ टक्के आणि एक लाख डावांनंतरही ६ टक्क्यांच्या जवळपास. दिवसाला ५०० प्रमाणे लाख डाव म्हणजे २०० दिवसांचा खेळ.

आता हाच हिशोब उलटा करून बघ. माझी खरी काळजी तिथेच आहे. शंभर डावांमागे ५ बिग ब्लाइंड गमावणारा खेळाडूही शंभरातले ४५ दिवस जिंकून उठतो. म्हणजे त्या दोघांत फरक काय, तर दहा दिवसांमागे एका दिवसाचा. म्हणून हरलेल्या दिवसांवरून तू वाईट खेळतेस हे ठरत नाही, तसं जिंकलेल्या दिवसांवरून चांगली खेळतेस हेही ठरत नाही. लाख डावांत तुझी सरासरी ५ दिसली, तरी खरा आकडा उणे १ पासून ११ पर्यंत कुठेही असू शकतो.

एक डाव जवळून बघू, म्हणजे हे कसं घडतं ते कळेल. तुझ्याकडे दोन एक्के, समोरच्याकडे दोन बादशहा, आणि फ्लॉपच्या, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन सामाईक पानांच्या, आधीच दोघांचे शंभर-शंभर बिग ब्लाइंड मध्ये गेले. तू ८२ टक्के वेळा जिंकशील. यापेक्षा फारशी चांगली स्थिती मिळत नाही, आणि तरीही साडेपाच वेळांत एकदा तो पॉट, म्हणजे मध्ये जमलेले पैसे, जाणार. गेला की १०० बिग ब्लाइंड गेले, म्हणजे तुझी चार दिवसांची सरासरी कमाई एका डावात संपली. फ्लॉपवर तुझी वरची जोडी आणि समोरचा फ्लशसाठी (एकाच चिन्हाची पाच पानं) नऊ पानांच्या आशेवर असेल, तर रिव्हरपर्यंत, म्हणजे शेवटच्या सामाईक पानापर्यंत, तो फ्लश ३५ टक्के वेळा लागतो. असे दोन पॉट एकाच दिवशी गेले की तू एकही चूक न करता दिवस तोट्यात. शिवाय एक्क्यांची जोडी येते २२१ डावांत एकदा, म्हणजे भरपाईची संधी त्याच दिवशी येईलच असं नाही.

सलग हरण्याचंही तसंच. रोज ४५ टक्के धरले तर एकामागून एक पाच दिवस हरणं वर्षाच्या अडीचशे दिवसांत एकदा तरी येणार, असं धरूनच चाल. सलग सात दिवसांची शक्यताही बऱ्यापैकी आहे.

दिवस मोजण्यात आणखी एक फसवणूक आहे, आणि हुशार माणसंही तिला बळी पडतात. थोडं वर गेलं की उठायचं आणि खाली गेलं की वसूल होईपर्यंत बसायचं, असं केलं की जिंकलेले दिवस आपोआप वाढतात. समज, तीसपैकी २२ दिवस ४० बिग ब्लाइंड जिंकले आणि ८ दिवस १५० हरले. मिळाले ८८०, गेले १२००. वही बघून वाटेल मस्त चाललंय, आणि तोटा ३२०. शिवाय तोट्यात बसून काढलेले ते तास थकव्याचे आणि टिल्टचे (हरल्याच्या वैतागात खेळण्याचे), म्हणजे सर्वांत वाईट खेळाचे असतात. म्हणून दिवसाला तीन बाय-इन (टेबलावर बसताना घेतलेली रक्कम, इथे १०० बिग ब्लाइंड) गेले की उठ. उठल्याने नशीब फिरत नाही, पत्त्यांना कालचं काही आठवत नाही. पण त्यानंतर तू घेतलेले निर्णय आधीसारखे राहत नाहीत.

बँकरोलचा, म्हणजे खेळासाठी वेगळ्या ठेवलेल्या पैशांचा, हिशोबही याच दोन आकड्यांवर चालतो. सरासरी ५ आणि विचलन १०० असेल तर ३० बाय-इन, म्हणजे ३००० बिग ब्लाइंड, घेऊन बसणारा कधी ना कधी सगळं घालवण्याची शक्यता ५ टक्के. सरासरी अडीचच असेल तर तेवढ्याच पैशांत ती २२ टक्के होते, आणि परत ५ टक्क्यांवर आणायला ६० बाय-इन लागतात. तुझी खरी सरासरी तुला ठाऊक नाही, म्हणून कमीच धर. लहान टेबलांवर रेकही, म्हणजे टेबल चालवणारा पॉटमधून कापतो तो वाटाही, जड पडतो. प्रतिस्पर्ध्यांशी बरोबरीत सुटणारा खेळाडू रेक भरून तोट्यातच जातो. आणि हे पैसे घरखर्चापासून पूर्ण वेगळे हवेत. यात मला कसलीच तडजोड नको.

समोरासमोरच्या टेबलावर तासाला तीसेक डाव होतात, त्यामुळे तिथे चित्र स्पष्ट व्हायला वर्षं लागतात. स्पर्धांचं तर विचारूच नको: बक्षीस साधारण दहा-पंधरा टक्के खेळाडूंनाच, आणि मोठा वाटा वरच्या मोजक्या जागांना. तिथे उत्तम खेळाडूचेही बहुतेक दिवस तोट्याचेच जातात. प्रवेश फी शंभरवेळा भरता येईल एवढं गाठीला नसेल तर स्पर्धांच्या वाटेला जाऊ नकोस.

वहीत दिवसाचा नफा-तोटा लिहिण्याऐवजी डावांची संख्या, बिग ब्लाइंडमधली जमा, टेबलाची पातळी आणि किती तास बसलीस ते लिही. रोजचे पाच मोठे पॉट उतरवून ठेव, पण फक्त निर्णयाच्या क्षणापर्यंत. समोरच्याची पानं आणि निकाल मागच्या पानावर. दुसऱ्या दिवशी निकाल न बघता ठरव, की तोच निर्णय पुन्हा घेशील का. डाव नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला ऑल-इनचा अपेक्षित आकडाही बघ, पण तो फक्त सगळे पैसे मध्ये गेल्यानंतरचं नशीब वजा करतो. तुझ्या तीन एकसारख्या पानांसमोर त्याहून मोठी तीन एकसारखी पानं निघाली, तर ते त्यात धरलं जात नाही.

पुढच्या पत्रात एकूण डाव किती झाले ते कळव, आणि मागच्या पानावरचे निकाल झाकून त्यातले दहा पॉट मला पाठव. आपण दोघी ते वेगवेगळे सोडवू आणि मग ताडून बघू.

तुझी,
आई