शेतावरच्या कार्यक्रमाची तारीख वापशावर ठरू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवार पुरवणीतला रिजनरेटिव्ह शेतीवरचा, म्हणजे जमिनीचा कस परत आणणाऱ्या शेतीवरचा, लेख वाचला. फोटो मस्तच आहेत, पण शेतावरच्या वर्कशॉप, मुलांचे खेळ, शेतफेरी यावर पानभर आणि जमिनीवर जेमतेम दोन ओळी, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटणार की हा एक पिकनिक स्पॉटच आहे. त्यात शेवटी 'ऐनवेळी पावसामुळे कार्यक्रम रद्द झाल्याने पाहुण्यांचा हिरमोड' असं छापलंय ते तर अजिबात पटलं नाही.

मी तीन वर्षं अशाच एका शेतावर सुट्टीच्या दिवशी मदतीला जातो. पहिल्याच वर्षी आदल्या रात्री पाऊस पडलेला असताना कार्यक्रम घेतला, लोक आलेच होते मग काय करणार, आणि पार्किंग भरलं म्हणून कडेच्या पट्ट्यात गाड्या आत घ्या म्हणून हात दाखवत उभा होतो तो मीच! चाकोऱ्या वरवर बुजवल्या, पण पुढच्या हंगामात त्या पट्ट्यात पीक गुडघ्याच्या वर गेलं नाही, आजूबाजूचं कमरेला आलेलं. कोणी मला काही बोललं नाही, पण दिसायचं ना दर वेळी.

कारण साधं आहे. चांगल्या मातीत जवळपास निम्मी जागा पोकळ असते, त्यात हवा आणि पाणी. माती ओली असली की कण एकमेकांवरून घसरतात आणि वजन पडलं की त्या पोकळ्या मिटतात, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त नुकसान पहिल्याच चाकाने होतं. वापसा, म्हणजे पावसानंतर जमीन कामाजोगी सुकणं, तो नसताना जुना शेतकरी औत घालत नाही ते उगीच नाही. मग शंभर माणसं आणि वीस गाड्या कशा घालायच्या? नांगरट बंद, वर आच्छादन, जमिनीत कायम कुठल्या ना कुठल्या पिकाची मुळं, ही सगळी मेहनत त्या पोकळ्या टिकाव्यात म्हणून तर चाललेली असते.

याचा अर्थ कार्यक्रम नकोतच असं नाही हं. तिकिटाचे पैसे आले की हंगाम वाईट गेला तरी शेत तगतं, आणि लोकांनी जमीन बघायलाच हवी. गेल्या वेळी पाण्याने भरलेल्या दोन बरण्यांत वाळलेली ढेकळं जाळीवर ठेवली, एक दरवर्षी नांगरलेल्या रानातलं, एक बरीच वर्षं न नांगरलेल्या गवताळ कडेचं. पहिलं फसफसत विरघळलं आणि पाच मिनिटांत पाणी गढूळ, दुसरं तसंच बसून, पाणी नितळ. मुळांच्या आणि बुरशीच्या चिकट स्रावांनी कण बांधून ठेवलेले असतात म्हणून असं होतं. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी तिथून हलेचना, तिची आई तीनदा बोलावून गेली. भाषण देऊन हे जमलं असतं का, मला नाही वाटत.

म्हणून तुम्हाला एकच विनंती, अशा कार्यक्रमांची बातमी देताना तारखेखाली एक ओळ टाका, 'वापसा नसल्यास तारीख पुढे जाईल'. आणि जमलं तर हेही टाका की बूट घासून या, दुसरीकडचं तणाचं बी तळव्याला चिकटून येतं आणि मग ते उपटायला आम्हीच असतो. तिकिटाचे पैसे परत मिळणार की पुढच्या तारखेला चालणार हे आयोजकांनी आधी सांगावं, त्याबाबत पाहुण्यांची तक्रार रास्त आहे, ते मान्य. पण ओल्या रानात कार्यक्रम घेतला नाही म्हणून हिरमोड, हे पुन्हा छापू नका.

आपला,
एक नियमित वाचक