कॉन्ट्रास्टची गरमी आधी सांगा की!

संपादक साहेब, नमस्कार.

मागे माझा पोटाचा कॉन्ट्रास्टवाला, म्हणजे शिरेतून 'डाय' देऊन काढतात तो, सीटी स्कॅन झाला. हाताला सुई, मशीनमध्ये सरकवलं, आणि काही सेकंदांत घशातून गरम लाट उठली ती थेट ओटीपोटापर्यंत, तोंडात लोखंडाची चव, आणि वाटलं आता लघवी झालीच! मी इतका दचकलो की स्पीकरवरून "श्वास रोखा" म्हणत होते ते कानावरच आलं नाही, हललो आणि फोटो बिघडले. नंतर टेक्निशियन म्हणतो, "अहो, बहुतेकांना होतं तसं." मग आधी सांगायला काय झालं होतं?

घरी आल्यावर ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. आपण डाय म्हणतो, पण तो रंग नसतोच, पाण्यासारखं स्वच्छ औषध असतं, त्यातलं आयोडीन एक्स-रे अडवतं म्हणून रक्तवाहिन्या पांढऱ्या उठून दिसतात. पंपाने सेकंदाला 3-4 मिली वेगाने ते आत जातं. हे औषध रक्तापेक्षा 'घट्ट', म्हणजे रक्ताची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) 290 च्या आसपास तर याची साधारण 600 ते 850 (जुन्या औषधांची 1500 च्या वर असायची, तेव्हाच्या पेशंटचं काय होत असेल देव जाणे). त्यामुळे आजूबाजूचं आणि तांबड्या पेशींमधलं पाणी रक्तात ओढलं जातं, रक्तवाहिन्या सैल पडतात, कातडीकडे रक्त जास्त धावतं आणि अंग तापल्यासारखं वाटतं. बीपी जरासं खाली येऊ शकतं, पण मिनिटा-दोन मिनिटांत सगळं जागेवर.

किडनीचं मात्र वेगळं, तिच्या आतल्या भागातला रक्तपुरवठा काही वेळ कमी होऊ शकतो, म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते सांगणारी रक्ताची तपासणी) बघतात. किडनी चांगली असेल तर दोनेक तासांत निम्मं औषध लघवीवाटे बाहेर आणि 24 तासांत जवळजवळ सगळं. डायबेटीसची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल किंवा पूर्वी रिअ‍ॅक्शन आली असेल तर लपवू नका. आणि गरम वाटणं वेगळं, अंगाला खाज, दम लागणं किंवा सुईपाशी सूज येऊन आग होणं वेगळं, तिथे लगेच ओरडून सांगायचं, लाजायचं नाही.

पुढच्या वेळी गेलो तर सिस्टर सुई लावतानाच म्हणाल्या, "काका, आता गरम वाटेल, सू झाल्यासारखं वाटेल पण होणार नाही, मनात वीसपर्यंत मोजा." माझे सतरा होईपर्यंत गरमी ओसरायला लागली होती.

आपला एक वाचक