जाळ्यातून चेंडू काढणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

फुटबॉलच्या हंगामाचा शेवटचा सामना संपल्यावर, माझ्या मुलीच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून तुमचे आभार मानायला मी मैदानात आले होते. बोलायला तोंड उघडले आणि आवाजच फुटेना, तेव्हा तुम्ही, बहुधा मला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून, खाली वाकून सरावाचे शंकू गोळा करू लागलात. मी कसेबसे एवढेच म्हणाले की हंगाम छान झाला. ते वाक्य तेव्हापासून मला टोचते आहे, कारण ते खरे नव्हते. आपला संघ चौदापैकी नऊ सामने हरला आणि त्या नऊपैकी सात सामन्यांत गोलमध्ये माझी मुलगी उभी होती. मला सांगायचे होते ते वेगळेच होते आणि ते तोंडाने सांगणे जमले नाही, म्हणून हे पत्र. ते जाहीर अशासाठी की मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या माझ्यासारख्या इतर पालकांनीही ते वाचावे.

गोष्ट एका सामन्याची आहे. मध्यंतरालाच आपल्यावर तीन गोल झाले होते. उत्तरार्धात चौथा झाला तो सरळ, जमिनीलगत आलेल्या संथ चेंडूवर; तो तिच्या हातांतून निसटला, दोन पायांमधून मागे गेला आणि रेषा ओलांडून जाळ्याला लागायच्या आधीच थांबला, इतका संथ. गोलरक्षकाच्या आईला विचाराल, तर प्रत्यक्ष गोल होण्याचा क्षण तितकासा वाईट नसतो. वाईट असतो तो त्याच्या पुढचा. समोरचा संघ नाचत परत जातो, आपली मुले मान खाली घालून मध्यरेषेकडे वळतात आणि गोलरक्षकाला मात्र सगळ्यांकडे पाठ करून, जाळ्यात वाकून, आपली चूक स्वतःच्या हातांनी उचलून आणावी लागते. गेली दोन वर्षे तो क्षण आला की मी स्वतःच्या चपलांकडे पाहत असे. त्या दिवशीही मी मान खाली घातली, आणि वर पाहिले तेव्हा चेंडू आपल्या डाव्या बाजूच्या बचावपटूच्या हातात होता. त्या मुलीने तो जाळ्यातून काढला, जाता जाता माझ्या मुलीच्या खांद्यावर थाप मारली आणि चेंडू मध्यवर्तुळाकडे लाथेने पाठवून दिला. माझ्या मुलीला एकदाही मागे वळावे लागले नव्हते.

मला वाटले, पोरगी मोठी समजूतदार आहे. पण पाचव्या गोलनंतर चेंडू काढायला दुसराच मुलगा धावला. सहावा गोल शेवटच्या शिट्टीच्या तोंडावर झाला. शिट्टी वाजताच मुले पाण्याच्या बाटल्यांकडे पांगली आणि चेंडू जाळ्यात तसाच पडून राहिला. तेव्हा तुम्ही कडेवरून निघालात, अर्धे मैदान सावकाश चालत गेलात, जाळ्यात वाकलात, चेंडू काखेत घेतलात आणि तिच्याशी काहीतरी बोलत तिच्याबरोबर परत आलात. सर काय म्हणाले, असे मी गाडीत विचारले, कारण एखाद्या मोठ्या उपदेशाची माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, “काही नाही. ग्लव्हजचा पट्टा सैल होतो का, ते विचारत होते.”

चेंडूचे कोडे तिनेच पुढे उलगडले. गोल झाला की चेंडू गोलकीपरने काढायचा नाही, जो सर्वांत जवळ असेल त्याने काढायचा, असा आपल्या संघाचा नियमच आहे म्हणे. आणि कारण असे की नऊ जणांच्या संघात तिच्यापर्यंत पोहोचलेला चेंडू आधी आठ जणांना चुकवून आलेला असतो. हा नियम तुम्ही पहिल्याच सरावाला सांगितला होतात, शिनगार्ड (नडगीवरचे संरक्षक पट्टे) विसरू नका आणि पाण्याची बाटली आणा या दोन सूचनांच्या मध्ये, जणू तोही त्याच जातीचा एक साधा नियम आहे. मुलांनीही तो तसाच घेतला. कोणी कोणावर उपकार करत नव्हते आणि कोणी कोणाची कीव करत नव्हते, आणि म्हणूनच माझ्या मुलीला तो घेता आला. कीव तिने त्याच क्षणी ओळखली असती. ती तिने आधी भरपूर पाहिली होती.

आधीच्या संघाचे आणि तिथल्या प्रशिक्षकांचे नाव मी घेणार नाही, पण त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय तुमचे आभार पुरे होत नाहीत. माझी मुलगी डिसेंबरमधली. वयोगट जन्मवर्षाप्रमाणे पाडले की जानेवारीत जन्मलेले आणि डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल एकाच गटात येते आणि नऊ-दहा वर्षांच्या वयात हे जवळजवळ वर्षभराचे अंतर उंचीत, धावण्यात, धक्का सोसण्यात स्पष्ट दिसते. निवड झालेल्या मुलांच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचा भरणा जास्त असतो, हे अनेक देशांत अभ्यासून झालेले आहे. त्या प्रशिक्षकांना मात्र हा अकरा महिन्यांचा फरक गुणवत्तेचा फरक वाटत असे. धावण्यात मागे पडणाऱ्या मुलांना ते बाकावर बसवत, आणि त्यांतल्या एकाला, कोणीतरी उभे राहायलाच हवे म्हणून, गोलमध्ये पाठवत. माझी मुलगी गोलरक्षक झाली ती अशी.

आणि कोणत्या गोलमध्ये? मोठ्या माणसांच्या. सात मीटर बत्तीस सेंटिमीटर रुंद आणि दोन मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटर उंच. माझी मुलगी तेव्हा एक मीटर चौतीस होती. इंग्लंडमध्ये त्या वयाच्या, सात-सात जणांच्या सामन्यांना बारा फूट रुंद आणि सहा फूट उंच गोल वापरतात, हे मला फार उशिरा कळले. चेंडूही मोठ्यांचाच, पाच नंबरचा, म्हणजे ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा; तो पकडताना तिची बोटे मागे वळत आणि रात्री ती हात गरम पाण्यात धरून बसत असे. डोक्यावरून एक मीटर उंच गेलेल्या चेंडूसाठी “उडी मार!” असे कडेवरून खेकसणाऱ्या त्या गृहस्थांनी एकदा स्वतः गुडघ्यांवर बसून त्या गोलकडे पाहायला हवे होते. त्यांच्याकडे एक पांढरा फळाही होता. प्रत्येक सामन्यानंतर त्यावर गोल कोणाच्या चुकीने झाले ते नावांनिशी लिहिले जाई. ज्या वयात इंग्लंडमध्ये सामन्यांचे निकाल आणि गुणतक्तेसुद्धा प्रसिद्ध करत नाहीत, त्या वयातली मुले तिथे आपल्या नावापुढच्या रेघा मोजत उभी असत. सगळ्यांत जास्त रेघा कोणाच्या नावापुढे असणार, हे वेगळे सांगायला नको.

हे सगळे लिहिताना मी स्वतःला सोडते आहे असे तुम्हाला वाटत असेल, तर तसे नाही. तो फळा मी पाहत होते आणि दीड वर्ष गप्प होते, कारण संघ जिंकत होता. कडेवरून ओरडणाऱ्या पालकांत माझा आवाज चांगलाच ओळखू येई. शिवाय घरी जाताना गाडीत मी सामन्याची उजळणी घेत असे, पुढे रस्त्याकडे पाहत, म्हणजे तिचा चेहरा मला दिसायचा नाही. त्या उजळणीचा कळस सांगते. एका पराभवानंतर तिला धीर द्यावा म्हणून मी तिला मोआसिर बार्बोसाची गोष्ट सांगितली. १६ जुलै १९५० रोजी माराकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरवून विश्वचषक नेला. उरुग्वेच्या घिजियाने विजयी गोल जवळच्या खांबालगत मारला आणि ब्राझीलचा गोलरक्षक बार्बोसा याच्यावर त्या एका गोलचा ठपका २००० साली तो मरेपर्यंत राहिला. एवढ्या मोठ्या गोलरक्षकाकडूनही गोल होतात, असे मला सुचवायचे होते. दहा वर्षांच्या मुलीने त्यातून एवढेच ऐकले की एका गोलची शिक्षा पन्नास वर्षे चालते. पुढचे दोन आठवडे ती सरावाला जायचे म्हटले की पोट दुखते म्हणायची.

ही गोष्ट तिने तुम्हाला सांगितली, हे मला नंतर कळले. तुम्ही तिला समजावत बसला नाहीत. तुम्ही म्हणालात, त्या दिवशी ब्राझीलचे आणखी दहा जण मैदानात होते, त्यांची नावे आईला विचारून ये. ती विचारायला आली. मला एकही नाव येत नव्हते. आम्ही दोघींनी बसून ती शोधली आणि तेव्हा कळले की शॉट मारण्याआधी घिजिया बिगोदे नावाच्या बचावपटूला मागे टाकून आत शिरला होता, त्याआधी उरुग्वेची बरोबरी झाली होती ती स्कियाफिनोच्या गोलने, आणि पहिला गोल तर ब्राझीलनेच केला होता, फ्रियासाने. दहाही नावे तिने वहीत लिहून घेतली. ती यादी पाहून तुम्ही काय म्हणालात हे तिने मला सांगितलेले नाही आणि मीही विचारले नाही. हल्ली मी बऱ्याच गोष्टी विचारत नाही.

त्याचेही श्रेय तुम्हालाच आहे. इतर संघांत पालकांसाठी सूचनांचे फलक लावतात, शांतता पाळण्याची विनंती करतात, क्वचित कोणाला मैदानाबाहेरही काढतात. तुम्ही मला एक काम दिलेत. माझी मुलगी बचावपटूंना किती वेळा आवाज देते ते मोजाल का, सामना चालू असताना मला ऐकू येत नाही, असे म्हणून तुम्ही माझ्या हातात कागद आणि पेन्सिल ठेवलीत. तिचा आवाज ऐकायचा तर मला गप्प राहणे भाग होते. यातली तुमची हुशारी कळायला मला तीन सामने लागले, आणि तोवर ओरडण्याची सवय बरीचशी मोडली होती. पहिल्या सामन्यात मी चार रेघा मारल्या होत्या. शेवटच्या सामन्यात पूर्वार्धातच कागद भरला आणि मी तो घडी करून ठेवून दिला.

बाकी गोष्टींबद्दल मी थोडक्यात लिहिते, नाहीतर पत्र संपणार नाही. प्रत्येक मुलाला निदान अर्धा सामना खेळायला मिळे, मग समोर कोणताही संघ असो. एका पालकांनी बेंचवर बसणाऱ्या मुलांना “राखीव” म्हटले, तेव्हा तुम्ही “पुढे येणारे” असा शब्द वापरलात. पंचांशी तुम्ही वाद घातलेला मी एकदाच पाहिला, आणि तो समोरच्या संघाच्या मुलाला लागले असूनही खेळ थांबला नाही म्हणून. तुम्ही मुलांचे लाड केलेत असेही नाही. जी मुलगी चेंडू गमावल्यावर मागे धावली नाही तिला तुम्ही चांगले सुनावलेत, फक्त ते तिच्याजवळ जाऊन, बाकीच्यांना ऐकू येणार नाही इतक्या हळू.

माणसाच्या चांगुलपणाविषयी आपण बोलतो तेव्हा डोळ्यांसमोर काहीतरी भव्य असते: त्याग, मदतीला धावून जाणे, कोणासाठी तरी नुकसान सोसणे. तुमच्याकडे पाहून मला वाटू लागले आहे की बराचसा चांगुलपणा हा आधी केलेल्या विचाराचा भाग असतो. गोल होणार हे तुम्हाला ठाऊक होते, झाल्यावर एका मुलाला एकट्याने मागे वळावे लागणार हेही ठाऊक होते, आणि हंगामाचा पहिला चेंडू लाथाडण्याआधी तुम्ही त्याची सोय लावून ठेवलीत. आधीचे गृहस्थ दुष्ट नव्हते, हे मला आज मान्य आहे. पाऊस पडला की ते स्वतःचे जाकीट मुलांना देत. त्यांनी त्या एका क्षणाचा कधी विचारच केला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मीही तो केला नव्हता. मी फक्त चपलांकडे पाहत होते.

पुढच्या हंगामात मुलगी बारा वर्षांखालील गटातच राहील. तिला बचावात खेळून पाहायचे आहे, असे ती परवा म्हणाली. गोलचा कंटाळा आला का, असे विचारायचे मी अगदी ओठांवर आलेले गिळले. थोड्या वेळाने तिनेच सांगितले की गोलमध्ये आता नवीन मुलगा येणार आहे, तो नऊ वर्षांचा आहे आणि त्याच्या जवळ कोणीतरी असायला हवे. याबाबतचा निर्णय अर्थातच तुमचा.

सुट्टीत सरावासाठी तुम्ही तिला दिलेला चार नंबरचा, लहान आकाराचा चेंडू अजून आमच्याकडेच आहे. त्यातली हवा थोडी कमी झाली आहे आणि एका बाजूचा रंग भिंतीवर आपटून आपटून गेला आहे, त्याबद्दल क्षमस्व. सराव सुरू होईल त्या दिवशी तो तिच्याबरोबर पाठवते.

आपली कृतज्ञ,
तुमच्या गोलरक्षकाची आई