‘दुसरी बाजूही वाचा’, पण कुणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समाजमाध्यमांवर आपण आपापल्या कंपूत अडकलोय, तेव्हा विरोधी विचारांची चार खाती फॉलो करा, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. त्याची परीक्षा कधीच झाली आहे.

अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर बेल आणि सहकाऱ्यांनी ऑक्टोबर 2017मध्ये ट्विटर वापरणारे 901 डेमोक्रॅट आणि 751 रिपब्लिकन घेतले. त्यांतल्या काहींना 11 डॉलर देऊन महिनाभर एक बॉट, म्हणजे आपोआप ट्वीट टाकणारं खातं, फॉलो करायला सांगितलं. विरुद्ध बाजूचे नेते, भाष्यकार, माध्यमं यांची रोज 24 ट्वीट तो पुढे ढकलायचा. पैसे घेऊन लोक खरंच वाचतात की नाही, हे कसं कळणार? बॉट मधूनच एखाद्या प्राण्याचं चित्र टाकी आणि आठवड्याच्या प्रश्नावलीआधी पुसून टाकी. मग विचारायचं, प्राणी कोणता होता. (आपल्याकडच्या सर्वेक्षणांनी उचलावी अशी युक्ती!) महिन्याअखेर रिपब्लिकन आणखी उजवीकडे सरकले, नीट वाचणारे तर जास्तच. डेमोक्रॅट किंचित डावीकडे कलले, पण तेवढा कल संख्याशास्त्राच्या हिशेबात धरण्याजोगा नव्हता.

म्हणून वाचूच नये असं नाही. 2018मध्ये अर्थशास्त्रज्ञ रोई लेवी यांनी फेसबुकवर लोकांना विरुद्ध कलाच्या वृत्तमाध्यमांची पानं नुसती सुचवली. लाइक करणं ज्याच्या-त्याच्या मर्जीवर. मतं जागची हलली नाहीत, पण समोरच्या पक्षाबद्दलची अढी थोडी सैलावली. पान लाइक करूनही विरुद्ध कलाच्या बातम्या अल्गोरिदम (कुणाला काय दाखवायचं ते ठरवणारी फेसबुकची यंत्रणा) कमीच पुढे आणतो, हेही तिथेच दिसलं.

तेव्हा प्रयोग करायचाच तर प्रवक्त्यांऐवजी त्या बाजूचं एखादं बातम्या देणारं पान घ्यावं. एक्सवर (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर) ‘फॉर यू’ सोडून ‘फॉलोइंग’ हा टॅब उघडावा, नाहीतर फॉलो केलेलंही गडप होतं. बातमीखालच्या प्रतिक्रिया टाळाव्यात. आणि विरोधकाचं म्हणणं आपल्याच माणसाने खिल्ली उडवायला टाकलेल्या स्क्रीनशॉटमधून कळलं असेल, तर ते वाचनात धरू नये. माझ्या मते खरी गडबड इथेच होते.

हे निष्कर्ष जसेच्या तसे महाराष्ट्राला लावता येत नाहीत. अमेरिकेत पक्ष मुख्यतः दोन. इथे कोण कुणाच्या विरोधात, हे निकालानंतरही बदलतं. शिवाय आपलं निम्मं राजकारण व्हॉट्सॲपवर चालतं. तिथे मजकूर अल्गोरिदम निवडत नाही, गटातले काका निवडतात, आणि त्यांना अनफॉलो करायची सोय नाही.

आपला,
एक वाचक, पुणे