मायक्रोआरएनए : आधी वाढ, मग आजार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांच्या कामावर अंकुश ठेवणारा आरएनएचा इवलासा तुकडा, हा शब्द माझ्या वाचनात येतो तो बहुधा ‘रक्ताच्या थेंबावरून कर्करोगाचे निदान’ अशा मथळ्यांखाली, आणि तिथेच वाचकाची गल्लत होते : हा विषय केवळ आजाराचा वाटतो. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल ज्या कामासाठी मिळाले, ते जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीच्या वाढीविषयीचे होते. लिन-४ हे जनुक निकामी झाले की त्याची अळी पहिल्या अवस्थेतली पेशीविभाजनेच पुन्हा पुन्हा करत राहते; अंडी बाहेर पडण्याची वाट तयारच होत नाही. हे जनुक प्रथिन बनवतच नाही, त्यापासून सुमारे २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा निघतो आणि तो लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएला (प्रथिन बनवण्याची सूचना नेणाऱ्या आरएनएला) चिकटून त्याच्या प्रथिनाची निर्मिती रोखतो, असे १९९३ मध्ये दिसून आले. पुढची सात वर्षे बहुतेकांनी ही कृमीची लहर मानली. मग २००० मध्ये असाच तुकडा बनवणारे लेट-७ हे जनुक सापडले. ते माणसातही होते.

हे तुकडे कापून तयार करणारे डायसर हे विकर नसेल, तर उंदराचा गर्भ साधारण आठवडाभरात मरतो. माणसात डायसरच्या जनुकाची एक प्रत जन्मतः सदोष असेल, तर लहान वयातच फुप्फुसात दुर्मिळ गाठ होण्याचा धोका वाढतो, मात्र असा दोष असलेल्या बहुतेकांना ती होत नाही. फुप्फुस घडत असताना थांबायला हवी होती ती वाढ इथे थांबत नाही. म्हणून या आजाराकडे गर्भविकासातली चूक म्हणून पाहिल्याशिवाय तो नीट कळत नाही. मायक्रोआरएनए-९६ मधील एका अक्षराच्या बदलाने काही कुटुंबांत पिढीजात बहिरेपणा येतो, तोही कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशींच्या घडणीशीच निगडित आहे.

उपचारांविषयी लिहिताना मात्र हात आखडता घ्यावा. एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर अंकुश ठेवतो. मायक्रोआरएनए-३४ वर आधारित कर्करोगाच्या औषधाची चाचणी रुग्णांच्या प्रतिकारशक्तीच्या तीव्र प्रतिक्रियांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली. त्यापेक्षा डायसरचा दोष घरात असल्यास तान्ह्या मुलाच्या छातीची तपासणी वेळीच करून गाठ लवकर पकडता येते, ही माहिती आपल्या आरोग्य पानावर छापावी, ही विनंती.

आपली,
जीवशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका, सातारा