क्रमांक छापलेत, पगार कोण देणार ते राहिलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारच्या शिक्षण पुरवणीत परदेशातल्या बायोइंजिनीअरिंगवरचा लेख वाचला आणि दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. म्हणून आज सकाळीच लिहायला बसले. पहिली दहा विद्यापीठं, त्यांचे क्रमांक, अर्जाच्या मुदती, संपला लेख. चार वर्षांपूर्वी अशीच एक यादी कापून मी आमच्या फ्रिजवर चिकटवली होती. तिची किंमत आमच्या मुलीने मोजली, म्हणून राहवत नाही.

मी तीस वर्षं मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. मुलगी शाळा सुटली की दप्तर घेऊन तिथेच यायची. रक्त तपासायचं मशीन बंद पडलं की कंपनीचा माणूस पुण्याहून येईपर्यंत रिपोर्ट अडकायचे. तो आला की ही त्याच्या शेजारी उकिडवी बसून मशीनच्या पोटात डोकावायची. एकदा त्याने पंपाची झिजलेली रबरी नळी काढून तिला दिली. ती नळी कितीतरी दिवस तिच्या कंपासपेटीत होती. पुढे मुंबईला बायोमेडिकल इंजिनीअरिंग, म्हणजे वैद्यकीय यंत्रांचं इंजिनीअरिंग केलं आणि पीएचडीला अमेरिकेला जायचं ठरवलं, तेव्हा आम्हाला नवल वाटलं नाही.

सात ठिकाणी अर्ज केले, दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. दोन्ही पत्रांच्या प्रती काढून आम्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक विद्यापीठ यादीत बरंच वर होतं, दुसरं यादीतच नव्हतं. यादीत नसलेल्याच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की, अमुक प्राध्यापकांच्या लॅबमध्ये पहिल्या दिवसापासून जागा आहे आणि पाच वर्षांची फी व पगार ते बघतील. वरच्या विद्यापीठाच्या पत्रात पहिल्या वर्षाची फेलोशिप होती. त्याच वर्षात 'रोटेशन', म्हणजे दोन-दोन, तीन-तीन महिने वेगवेगळ्या लॅबमध्ये काम करायचं आणि वर्ष संपायच्या आत कुणीतरी आपल्याला कायमचं घ्यायचं. हा दुसऱ्या पानावरचा परिच्छेद आम्ही तिघांनीही वाचला होता. त्याचा अर्थ कळला नाही, म्हणून परदेशी शिक्षणाच्या सल्लागाराला विचारलं. त्यांनी पत्रं हातातही न घेता सांगितलं, "मॅडम, वरचं कॉलेज सोडायचं नसतं." आणि आम्ही ऐकलं.

मार्चमध्ये पहाटे साडेचारला फोन वाजला. ह्यांना वाटलं, काहीतरी बरंवाईट झालं. तिसऱ्या लॅबमध्ये ती हृदयाच्या कृत्रिम झडपांवर काम करत होती आणि तिथल्या सरांना तिचं काम पसंत होतं. त्यांनी खोलीत बोलावून सांगितलं की, मला तुला घ्यायचं आहे, पण यंदा ज्या अनुदानातून विद्यार्थी घेता येईल ते तुला लागू नाही. मुलगी म्हणाली, "आई, मी काही चुकले नाही गं. माझा पासपोर्ट चुकीचा आहे." मुलीच्या तोंडचं हे वाक्य कुठल्याही आईला ऐकायला लागू नये.

संपादक महाराज, यात गुपित काही नाही. अमेरिकेत या विषयातल्या संशोधनाचा मोठा पैसा एनआयएच या सरकारी संस्थेकडून येतो. विद्यार्थी घडवण्यासाठी तिची जी खास अनुदानं असतात, ज्यांना तिथे टी-३२ म्हणतात, ती अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीनकार्डवाले यांच्यासाठीच असतात. एनएसएफ या विज्ञानाला पैसा देणाऱ्या दुसऱ्या सरकारी संस्थेची पदवीधरांसाठीची मोठी फेलोशिपही तशीच. आपल्या मुलांना बहुतेक वेळा प्राध्यापकाच्या स्वतःच्या प्रकल्पाच्या पैशातून घ्यावं लागतं. तो पैसा आटला की मूल कितीही हुशार असो, दार बंद.

तुमच्या यादीत बर्कली आणि सान दिएगो आहेत. विषयाच्या दृष्टीने ती थोरच. फंग यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने सान दिएगोत १९६६ पासून हा विषय उभा केला. पण कॅलिफोर्नियाच्या या सरकारी विद्यापीठांत बाहेरून आलेल्या पीएचडी विद्यार्थ्यावर वर्षाला १५,१०२ डॉलरचा जादा आकार बसतो. दुसऱ्या राज्यातून आलेला अमेरिकन मुलगा वर्षभराने तिथला रहिवासी होतो आणि त्यातून सुटतो. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला तसं होता येत नाही. मोठी परीक्षा देऊन पीएचडीची 'उमेदवारी', म्हणजे प्रबंधाच्या टप्प्यावर जायची परवानगी मिळेपर्यंत तो आकार चालूच राहतो आणि बहुतेक वेळा विभागाला नाहीतर प्राध्यापकालाच भरावा लागतो. मग परदेशी विद्यार्थी घेताना ते दहादा विचार करणारच. क्रमांकाशेजारी ही एक ओळ छापायला कितीशी जागा लागली असती?

लेखातलं 'जर्मनीत शिक्षण मोफत' हे वाक्य तर वाचून रागच आला. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग सगळी त्याच राज्यातली. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळ्यापासून अशा विद्यार्थ्यांना मास्टर्सला सत्रामागे ४,००० ते ६,००० युरो फी लावली. शिवाय व्हिसासाठी खात्यात अडकवून ठेवायचे ११,९०४ युरो वेगळे. माझ्या भावाने मुलासाठी 'मोफत' या एका शब्दावर विसंबून कर्जाची चौकशीच केली नव्हती. मे महिन्यात त्याची कशी धावाधाव झाली ते मी पाहिलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की, अर्ज करण्याआधी मुलांनी विभागाला सरळ ईमेल करून विचारावं: पहिल्या वर्षानंतर पगार कोण देतं? गेल्या पाच वर्षांत किती परदेशी विद्यार्थी घेतले आणि त्यांतले किती आवडत्या लॅबमध्ये टिकले? आणि ज्यांच्याकडे काम करायचं, त्या प्राध्यापकांच्या लॅबमधल्या आपल्याकडच्या एखाद्या विद्यार्थ्याशी अर्धा तास बोलावं. आमच्या मुलीने हे नंतर केलं. तेव्हा तिला कळलं की, तिच्या आधीच्या दोन मुलांचंही हेच झालं होतं.

आणखी एक. त्याच पानावर खाली अर्धं पान परदेशी शिक्षणाच्या सल्लागाराची जाहिरात आहे आणि लेखातली दहापैकी आठ नावं त्या जाहिरातीतही आहेत. जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही, हे मला समजतं. पण लेख कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली, हे माझ्यासारखीला चष्मा लावूनही कळलं नाही. लेखात जैवतंत्रज्ञान आणि बायोमेडिकल इंजिनीअरिंग हे दोन्ही एकच धरले आहेत, तेही चूक आहे. माझी मुलगी जीवाणू वाढवत नाही, ती यंत्रं करते.

चार महिने शोधून तिला दुसरी लॅब मिळाली. आता एमआरआयच्या प्रतिमांवर काम करते. सर चांगले आहेत, पगार वेळेवर येतो. झडपांचा विषय काढला की मात्र फोनवर गप्प होते.

तिचं शिक्षण अजून चालू आहे, म्हणून माझं नाव छापू नये. बाकी पत्रातला एकही शब्द कापू नये, ही विनंती.

आपली,
एक पालक, मिरज