पडघ्याच्या सरांना

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

तुम्ही बजावून ठेवलं होतं, "प्रबंधात माझं नाव नको." ते मी पाळलं. पण गेल्या मंगळवारी व्हायवा झाला आणि परीक्षकांनी पहिलाच प्रश्न तिसऱ्या प्रकरणातल्या त्या आकृतीवर विचारला. तुमच्या हातची आकृती. मग गप्प बसवेना. म्हणून नाव न घेता, पण सगळ्यांसमोर, हे पत्र लिहिते आहे.

मी चंद्रपूरकडची, हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्या शिवारातून जाणारे टॉवर लहानपणापासून बघितलेले. बाकीच्या लाईनींना तारांचे तीन संच, आणि एका लाईनीला दोनच. बाबा म्हणायचे, ही दोन तारांची वीज सरळ मुंबईकडे जाते, मधे कुठं उतरत नाही. घरी भारनियमनात कंदील लावून अभ्यास करायचा आणि डोक्यावरून ती लाईन. राग यायचा, खरं सांगते. पुढे इंजिनिअरिंगला आकडे कळले: चंद्रपूर ते भिवंडीजवळचं पडघे ७५२ किलोमीटर, अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट, १५०० मेगावॅट, १९९९ पासून सुरू. कोळसा आमच्याकडे आणि मागणी पश्चिमेला, म्हणून ही लाईन. पण 'मधे कुठं उतरत नाही' म्हणजे काय, ते तुम्ही समजावलंत. ही लाईन डीसीची, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची, आणि डीसीला साधा ट्रान्सफॉर्मर लावता येत नाही. वाटेत वीज उतरवायची तर तिथे डीसीची एसी करणारं अख्खं कन्व्हर्टर स्टेशन उभं करावं लागतं. त्या दिवशी बाबांना फोन करून हे सांगितलं होतं.

पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या कामाची दोन वर्षं संपली होती. विषय कम्युटेशन फेल्युअरचा. इन्व्हर्टरच्या टोकाला, जिथे डीसीची पुन्हा एसी होते, म्हणजे तुमच्या पडघ्याला, एका थायरिस्टर व्हॉल्व्हमधला (विजेचा एकेरी दरवाजाच तो, हवा तेव्हा उघडता येतो पण बंद करता येत नाही) प्रवाह दुसऱ्याने वेळेत उचलायचा असतो. प्रवाह थांबल्यावर पहिल्याला सावरायला काही शे मायक्रोसेकंद लागतात. ४०० धरले तर ५० हर्ट्झच्या लाटेवर (पूर्ण लाट म्हणजे ३६० अंश) ते सात अंशांच्या आसपास येतात. म्हणून आपण पंधरा-अठरा अंशांची जागा हातात ठेवतो. एसी बाजूला व्होल्टेज पडलं की ही जागा आकसते. विझायला हवा तो व्हॉल्व्ह चालूच राहतो, त्याच फेजचा (एसीच्या तीन तारांपैकी त्याच तारेचा) दुसराही पेटतो, आणि डीसी बाजू क्षणभर शॉर्ट होते. वीज पोचणं थांबतं. बहुतेक वेळा अर्ध्या सेकंदाच्या आत सगळं सावरतंही, पण लागोपाठ झालं तर पोल ट्रिप, म्हणजे दोन तारांपैकी ती बाजूच बंद.

व्होल्टेज किती पडलं की फेल्युअर होतं, एवढंच मी मोजत होते. माझं मॉडेल सांगायचं की एवढ्याशा घसरणीने काही होणार नाही, आणि प्रत्यक्षातल्या नोंदींवरचे पेपर सांगायचे की होतं. मॉडेल तीनदा नव्याने बांधलं. शेवटी ते सोडून दुसरा विषय घ्यायच्या बेतात होते.

तुम्ही माझे ग्राफ शांतपणे चाळलेत आणि एकच विचारलंत, "तिन्ही फेज एकदम कशाला पाडतेस? पावसाळ्यात वीज तिन्ही तारांवर एकदम पडते का?"

मग लॉगशीटच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने तीन लाटा काढल्यात. एक लाट खोडरबराने अर्धी पुसून बुटकी केलीत. उरलेल्या दोघींपैकी एकीशी तिची जोडी घेऊन दोघींमधला फरक काढायला मला लावलंत. तो फरक शून्याला पोचायची जागा डावीकडे सरकली होती. घसरण जेमतेम दिसत होती, आणि हातातल्या अंशांतले कितीतरी मात्र त्या सरकण्यातच गेले होते. एका फेजचा फॉल्ट, एवढंच. हे पुस्तकांत नव्हतं असं नाही. मीच ते वाचून पुढे गेले होते, कारण मला तो किरकोळ मुद्दा वाटला होता. तो कागद मी प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवला आहे. अर्धी पुसलेली लाट अजून अंधुक दिसते.

स्टेशनातल्या नोंदी मला देणं तुमच्या अधिकारात नव्हतं, हे तुम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलंत. त्याबद्दलही आभार. आशेवर ठेवणारी माणसं मला आधी भेटली होती. तुम्ही त्याऐवजी निवृत्तीनंतरचे अकरा रविवार दिलेत. काकूंनी प्रत्येक वेळी जेवायला वाढलं, आणि परतीला भिवंडीची गाडी मिळेपर्यंत तुम्ही रस्त्यावर उभे राहिलात.

एका रविवारी धो धो पाऊस होता. तुम्ही छत्री तिरकी धरून मला गॅलरीत बोलावलंत आणि आडव्या पाइपकडे बोट दाखवलंत. भिंतीकडचा भाग कोरडा, पुढचा चिंब. व्हॉल्व्ह हॉलच्या भिंतीतून बाहेर येणाऱ्या बुशिंगचं (तार भिंतीपार नेणाऱ्या लांब इन्सुलेटरचं) असंच होतं, म्हणालात. ओला भाग वीज वाहू देतो, मग सगळं व्होल्टेज त्या कोरड्या पट्ट्यावर येतं आणि तिथे फ्लॅशओव्हर होऊ शकतो, म्हणजे पृष्ठभागावरून ठिणगी उडते. त्याचा माझ्या प्रबंधाशी काडीचा संबंध नव्हता. तरी तुम्ही पंधरा मिनिटं भिजत समजावत राहिलात. शिकवणं म्हणजे काय ते मला तिथे दिसलं.

व्हायवात शेवटी विचारलं, आता नव्या व्हीएससी (व्होल्टेज सोर्स कन्व्हर्टर) पद्धतीत थायरिस्टरऐवजी असलेला आयजीबीटी नावाचा स्विच हवा तेव्हा बंद करता येतो, तिथे हा प्रश्नच उरत नाही, मग तुझ्या कामाचं काय? मी तामिळनाडूतल्या पुगलूरचं उदाहरण दिलं. रायगडहून (छत्तीसगडमधलं) अधिक-उणे ८०० किलोव्होल्टची ६००० मेगावॅटची थायरिस्टरची लाईन तिथे पोचते, आणि तिथूनच केरळातल्या त्रिशूरकडे व्हीएससीची २००० मेगावॅटची निघते. दोन्ही शेजारीशेजारी. थायरिस्टरवाल्या लाईनी अजून अनेक वर्षं चालणार आहेत, आणि त्यांच्या टोकाशी पावसाळे येणारच आहेत. परीक्षक हसले आणि पुढचं पान उलटलं.

येत्या रविवारी प्रबंधाची प्रत घेऊन बाबांसोबत येते. त्यांना ती दोन तारांची लाईन जिथे उतरते ती जागा बघायची आहे, निदान कुंपणाबाहेरून. तिसऱ्या प्रकरणात एका ठिकाणी कोनाचं चिन्ह चुकलंय असं मला आता वाटतंय. पेन्सिल तयार ठेवा.

तुमची विद्यार्थिनी